ब्लीड केलं तरी पेडल पुन्हा मऊ: ग्रॅव्हिटी कार्टच्या हायड्रॉलिक ब्रेकमधला दोष कसा शोधायचा

ग्रॅव्हिटी कार्ट, म्हणजे इंजिन नसलेली, उतारावरून सोडायची गाडी, बनवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. शनिवारी संध्याकाळी ब्रेकमधली हवा काढली, म्हणजे ब्लीडिंग केलं, पेडल दगडासारखं घट्ट झालं. रविवारी सकाळी उतारावर दोन फेऱ्या झाल्या आणि पेडल परत फळीला टेकलं. पुन्हा ब्रेक ऑइल, पुन्हा ब्लीडिंग, पुन्हा तेच. एकदा नीट ब्लीड करूनही पेडल मऊ होत असेल तर तिसऱ्यांदा बाटली उघडू नका. दोष बहुधा जोडणीत किंवा भागांच्या निवडीत आहे आणि कितीही ऑइल ओतलं तरी तो जाणार नाही.

पुण्यात घरी किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या बहुतेक गाड्यांची रचना साधारण अशी असते, म्हणून खालचे आकडे तिलाच धरून दिले आहेत: चालकासह १५० किलो वजन, स्कूटरची १० इंची चाकं, मागच्या दोन्ही चाकांना २२० मिमीच्या आसपासची मोटरसायकलची डिस्क, पॅड डिस्कवर दाबणारे दोन कॅलिपर, पायाने दाबायचा, ऑइलवर दाब देणारा एक मास्टर सिलिंडर आणि मधे एक टी-जॉइंट. भाग नाना पेठेतून किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आणलेले. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

आधी पाच मिनिटांची पेडल चाचणी

गाडी सपाट जागी उभी करा, मागची चाकं जॅकवर उचला. पेडल हळू दाबा आणि साधारण २५ किलोच्या जोराने ३० सेकंद तसंच धरा. पायाखाली बाथरूमचा वजनकाटा धरून दाबलं तर जोराचा अंदाज येतो.

पेडल स्प्रिंगसारखं दबतंय, चार वेळा पंप केल्यावर वर येतंय पण तरीही लवचिक लागतंय: आत हवा आहे, किंवा पेडलचा ब्रॅकेट वाकतोय.

पहिल्या दाबाला खोल जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन एकदम घट्ट होतं: हवा नाही. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट जास्त आहे, किंवा मास्टर सिलिंडर त्या फटीच्या मानाने लहान आहे.

घट्ट लागतं, पण धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसत जातं: कुठेतरी गळती आहे. बाहेर ओल दिसत नसेल तर मास्टरच्या आतलं कप-रबर ऑइल मागे सोडतंय.

सोडल्यावरही चाक मोकळं फिरत नाही: हा वेगळा आजार, त्याबद्दल शेवटी.

आता एक जोडचाचणी. पंप करून पेडल घट्ट करा, सोडा, चाक न फिरवता पुन्हा दाबा. घट्टच लागलं? आता दोन्ही चाकं हाताने दहा-दहा वेळा फिरवा आणि परत दाबा. या वेळी पेडल खोल गेलं तर डिस्क वाकडी आहे. ती फिरताना पिस्टनला मागे ढकलते, म्हणून उभ्या गाडीत ब्रेक उत्तम वाटतो आणि उतारावर फसवतो. ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग निर्दोष मास्टर बदलून बसतात.

लहान मास्टर, मोठे कॅलिपर

हा दोष सगळ्यात जास्त आढळतो. मोटरसायकलचा मागचा मास्टर सिलिंडर एकाच, बहुधा एका पिस्टनच्या कॅलिपरसाठी बनवलेला असतो. आपण त्याला दोन कॅलिपर जोडतो आणि तेही पुढच्या चाकाचे, दोन-दोन पिस्टनचे, कारण ‘मोठा कॅलिपर म्हणजे दमदार ब्रेक’ असं वाटतं.

हिशोब करून पाहा. मास्टरचा बोअर (आतला व्यास) १२.७ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौमिमी. कॅलिपरमध्ये २५.४ मिमीचे दोन पिस्टन, म्हणजे सुमारे १०१३ चौमिमी. प्रत्येक पॅड डिस्कपासून ०.१५ मिमी दूर धरला तर तरंगत्या (एकाच बाजूला पिस्टन असलेल्या, सरकणाऱ्या) कॅलिपरच्या पिस्टनला ०.३ मिमी सरकावं लागतं. दोन कॅलिपर मिळून साधारण ६०८ घनमिमी ऑइल लागलं. ते द्यायला मास्टरचा पिस्टन ४.८ मिमी सरकणार, आणि हे फक्त फट भरायला. अशा मास्टरला एकूण स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) अनेकदा १० ते १२ मिमीच असतो. त्यातला पहिला मिलिमीटरभर भरपाईचं छिद्र (ऑइलच्या टाकीकडे, म्हणजे रिझर्व्हॉयरकडे, उघडणारं) बंद करण्यात जातो, थोडा होज पाइप फुगण्यात, थोडा पॅड दबण्यात. गाडी नवी असताना हे जेमतेम निभावतं. डिस्कच्या वाकडेपणामुळे फट ०.५ मिमी झाली की हिशोब १६ मिमीवर जातो. पेडल फळीला टेकणारच. त्यात हवेचा एक बुडबुडाही नाही!

उपाय ऐकून आश्चर्य वाटेल: कॅलिपर लहान करा. फक्त मागची चाकं ब्रेक करताना टायरची पकड चांगली असली तरी वेग साधारण ०.३३ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) इतक्याच दराने कमी होतो, कारण ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. त्यासाठी एकूण सुमारे ४८६ न्यूटन जोर जमिनीवर लागतो. चाकाची त्रिज्या २१.५ सेंमी धरली तर प्रत्येक चाकाला ५२ न्यूटन-मीटर. डिस्कची प्रभावी त्रिज्या ९ सेंमी आणि पॅडचा घर्षणांक ०.३५ धरला तर दोन पिस्टनच्या कॅलिपरला फक्त ८ बार दाब पुरतो. एका पिस्टनच्या कॅलिपरला १६ बार. पेडलचं गुणोत्तर (ते कसं मोजायचं हे पुढे) ४ असेल तर १६ बारसाठी पायाचा जोर साडेपाच किलोही लागत नाही. म्हणजे मोठा कॅलिपर ब्रेक वाढवत नाही, ऑइल जास्त खातो आणि हलक्या दाबालाच चाक लॉक होतं.

एका पिस्टनचे दोन कॅलिपर लावा. फट भरायचा स्ट्रोक ४.८ वरून २.४ मिमीवर येतो. जमल्यास १४ मिमी बोअरचा मास्टर घ्या आणि पेडलचं गुणोत्तर ३ ठेवा. पायाला आठ-साडेआठ किलोचा जोर लागेल, म्हणजे ब्रेकवर ताबाही चांगला राहील. आहेत तेच मोठे कॅलिपर ठेवायचे असतील तर मास्टर १५.८७ मिमीचा हवा. गुणोत्तर म्हणजे पेडलच्या पिनपासून पायापर्यंतचं अंतर भागिले पिनपासून पुशरॉडपर्यंतचं (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यापर्यंतचं) अंतर. हे टेपने मोजा, डोळ्यांनी ठरवू नका.

त्या ०.३३ जी ला ताशी ५० किमी वेगावरून थांबायला सुमारे ३० मीटर लागतात. चारही चाकांना ब्रेक दिला आणि ०.७ जी मिळालं तर १४ मीटर. पुढच्या चाकांना ब्रेक द्यायचा तर त्याचा मास्टर आणि पाइप वेगळे ठेवा. एक सर्किट गेलं तरी दुसरं उरतं.

डिस्कचा वाकडेपणा

डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. नसेल तर कॅलिपरच्या ब्रॅकेटला तार बांधून तिचं टोक डिस्कपासून कागदभर अंतरावर आणा आणि चाक फिरवा. ०.३ मिमीहून जास्त हेलकावा चालणार नाही. डिस्क नवी असूनही हेलकावा दिसत असेल तर दोष हबच्या वेल्डिंगचा असतो. घरी बनवलेला हब आधी वेल्ड करून मग लेथवर त्याचा चेहरा मारून (डिस्क बसते ती बाजू सपाट करून) घ्यायचा असतो, हा क्रम उलटा झाला की हब ओढला जातो. भोसरीकडच्या कुठल्याही लेथवर हे काम होतं, फक्त हब एक्सलवर बसवूनच चेहरा मारायला सांगा. डिस्क घासून सरळ करण्याच्या फंदात पडू नका. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते आणि वापरलेली डिस्क बहुधा त्याच्या जवळ पोचलेली असते. व्हील बेअरिंगचा खेळही बघा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर टक्-टक् जाणवलं तर डिस्क सरळ असूनही पिस्टन मागे ढकलला जातो.

हवा अडकते कुठे

चाचणीत पेडल लवचिकच राहिलं असेल तर हवा शोधायची. आधी अर्धं क्षेत्र बाद करा. मास्टरचा बॅन्जो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) काढून त्या जागी भरीव बोल्ट, दोन्ही बाजूंना सपाट असलेली तांब्याची वॉशर घालून बसवा आणि मास्टर भरून पेडल दाबा. मास्टरचा पिस्टन मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाऊन पेडल दगडासारखं थांबलं तर मास्टर ठीक आहे, हवा पुढे आहे. दबत राहिलं तर हवा मास्टरमध्येच आहे. मात्र एक काळजी घ्या: हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या एम१० बोल्टची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ असते आणि मास्टरची १.० किंवा १.२५. चुकीचा बोल्ट पान्याने रेटला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. पिच गेजने बघा, आणि बोल्ट हाताने चार-पाच फेरे सहज गेला तरच पाना लावा.

मास्टरमधली हवा बहुधा त्याच्या बसवण्यामुळे राहते. बाहेर पडायचं तोंड खाली आणि मागचं टोक वर असेल तर बुडबुडा त्या वरच्या कोपऱ्यात बसून राहतो. ब्लीड करताना मास्टर सोडवून हातात घ्या, तोंड सगळ्यात वर धरा, पिस्टन हळू-हळू चार-पाच मिमी दाबत राहा. बुडबुडे रिझर्व्हॉयरमध्ये येणं थांबलं की बसवा.

कॅलिपरबाबत चूक आणखी साधी असते. मोटरसायकलचा कॅलिपर आपण डिस्कच्या दुसऱ्या बाजूला किंवा उलटा लावतो आणि ब्लीडर निपल (हवा काढायचं तोंड) खाली येतो. हवा वर, निपल खाली. कितीही ऑइल वाहू दिलं तरी वरचा कप्पा हवेने भरलेलाच राहतो. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून निपल वर येतो का बघा. ब्रॅकेट बदलायला वेळ नसेल तर कॅलिपर ब्रॅकेटवरून काढा, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची पट्टी ठेवा, निपल वर धरून ब्लीड करा आणि मग परत लावा. ती पट्टी विसरलात तर पिस्टन बाहेर येईल.

पाइपचा मार्गही पाहा. सीटच्या मागून वर चढून पुन्हा उतरणारा पाइप, किंवा चेसिसच्या वरच्या नळीवर बांधलेला टी-जॉइंट, म्हणजे हवेसाठी घरच बांधून ठेवलं. पाइप मास्टरपासून कॅलिपरपर्यंत एकसारखा जाऊ द्या, मधे कमान नको.

ब्लीड करण्याची सगळ्यात खात्रीची रीत म्हणजे खालून वर. ६० मिलीची सिरिंज, निपलवर घट्ट बसणारी ५ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी आणि डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलची सीलबंद २५० मिलीची नवी बाटली. रिझर्व्हॉयर जवळपास रिकामा करा. सिरिंज आणि नळी भरताना त्यात हवा राहू देऊ नका. ८ च्या रिंग पान्याने निपल अर्धा फेरा सैल करून ऑइल हळू वर ढकला; बुडबुडे ज्या दिशेला जाऊ पाहतात तिकडेच त्यांना नेतो आहोत. रिझर्व्हॉयर ओसंडू लागला की दुसऱ्याने वरून ऑइल काढून घ्यावं. निपल बंद, मग दुसरा कॅलिपर. त्यानंतर नेहमीच्या पद्धतीने पेडल दाबून, निपल उघडून, निपल बंद करून मगच पेडल सोडून, प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा. पेडल झपाझप मारू नका, ऑइलला फेस येतो आणि मग दहा मिनिटं थांबावंच लागतं.

व्हॅक्युम पंपाने ओढताना नळीत न संपणारे बारीक बुडबुडे दिसले तर घाबरू नका. सैल निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा येते. निपल आट्यांवर नव्हे तर टोकाच्या शंकूवर सील होतो. बॅन्जोच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावणं मात्र चूकच. तिथे सील करते ती वॉशर, आणि ती प्रत्येक वेळी नवी हवी. बॅन्जोला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात.

उताराचा खास त्रास

हा मुद्दा सपाट जागेच्या चाचणीत कधीच दिसत नाही. मास्टर पुढे, फळीजवळ, आणि कॅलिपर मागे, एक्सलच्या उंचीवर. ८ अंशांच्या उतारावर १.५ मीटर मागे असलेला कॅलिपर त्यामुळेच आणखी २१ सेंमी वर जातो. म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी थांबून असताना कॅलिपर रिझर्व्हॉयरच्या वर असतात. ऑइलचा स्तंभ मास्टरकडे ओढला जातो, पिस्टन किंचित मागे सरकतात आणि जुनी सील असतील तर हवाही आत शिरते. त्यात चारही चाकांना ब्रेक असेल तर जोराच्या ब्रेकला रिझर्व्हॉयरमधलं ऑइल ३० अंशांहून जास्त पुढे कलतं. पातळी कमी असेल तर तळाचं छिद्र उघडं पडतं.

रिझर्व्हॉयर वेगळा करून स्टिअरिंगच्या कॉलमजवळ, उतारावरही कॅलिपरपेक्षा वर राहील इतका उंच बसवा. फळीखाली मास्टर असलेल्या जुन्या मोटारींमध्ये यासाठी २ पीएसआयचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह घालतात. तो मिळाला तर ठीक, पण रिझर्व्हॉयर उचलणं सोपं आणि खात्रीचं आहे.

ब्रॅकेट आणि पाइप

एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने बाजूने मास्टरच्या बॉडीकडे पाहावं. मास्टर हलताना दिसला तर ब्लीडिंगचा प्रश्नच नाही. गुणोत्तर ४ असेल तर मास्टर १ मिमी सरकला की पेडल ४ मिमी खाली जातं, आणि २५ किलोच्या पायाने ब्रॅकेटवर १०० किलोचा जोर पडतो. १.६ मिमी पत्रा तिथे वाकणारच. ५ मिमी पट्टी घ्या, कोपऱ्यात त्रिकोणी आधार वेल्ड करा. सीटची पाठही तितकीच घट्ट हवी, नाहीतर पाय पेडल दाबण्याऐवजी चालकाला मागे ढकलतो.

हवेच्या लाइनसाठी असलेला निळा पीयू (प्लास्टिकचा) पाइप आणि पुश फिटिंग ब्रेकला कधीही वापरू नका. तो १० बारच्या आसपासचा असतो. घाबरून कुणी २५ किलोने पेडल दाबलं तर १२.७ मिमीच्या मास्टरमधून जवळजवळ ७७ बार निघतात. एसीची तांब्याची नळीही नको, थरथरीने तडकते. ४.७५ मिमीचा स्टीलचा ब्रेक पाइप, टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून रुंद केलेलं तोंड), आणि फक्त चाकाजवळ होज. किंवा थेट स्टीलची जाळी असलेला होज.

हळूहळू बसणारं पेडल आणि चुकीचं ऑइल

बाहेर गळती नसताना पेडल बसत असेल तर मास्टरची किट (आतल्या रबरांचा संच) बदला. पण किट का खराब झाली हेही बघा. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तेल नाही, ग्लायकॉल आहे. इंजिन ऑइलचे चार थेंबही पडले तरी रबर फुगतं. सायकलच्या मिनरल ऑइलवाल्या ब्रेकमध्ये डॉट ओतलं तर तिथलं रबर बिघडतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. रबर एकदा फुगलं की धुऊन उपयोग नाही. मास्टर, दोन्ही कॅलिपर आणि होज, सगळ्यांचं रबर बदला. जुन्या बाजारातल्या कॅलिपरची सील तर न विचारता बदलावीत, आणि पिस्टनवर नखाला लागेल असा खड्डा असेल तर पिस्टनही.

पुण्याच्या पावसाळ्यात उघडी ठेवलेली बाटली हवेतलं पाणी शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १५५ अंश. ८ अंशांच्या लांब उतारावर ताशी ३० किमी वेग ब्रेकने धरून ठेवला तर डिस्कमध्ये सुमारे १.७ किलोवॅट उष्णता ओतली जाते, तेव्हा हा फरक जीवावर बेततो. गेल्या वर्षीची अर्धी बाटली वापरू नका.

ब्रेक सुटत नसेल तर

पेडल पूर्ण वर असताना पुशरॉडला १ ते २ मिमी मोकळा खेळ हवाच. पेडल उंच यावं म्हणून रॉड घट्ट केला की मास्टरचं भरपाईचं छिद्र झाकलं जातं. ऑइल तापून फुगलं की त्याला परत जायला वाट नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो. एप्रिलच्या उन्हात गाडी नुसती उभी असली तरी हे घडतं. निपल उघडल्यावर चाक सुटलं तर हाच दोष. सुटलं नाही तर कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना अडकल्या आहेत. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस त्यांचं रबर बिघडवतं.

ऑइल सांडलेले पॅड फेकून द्या, जाळून किंवा घासून ते सुधारत नाहीत. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

उतारावर जाण्याआधी

५० किलोच्या जोराने पेडल एक मिनिट धरा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. मग सपाटीवर ढकलत ५, १०, २० किमी वेगाने थांबवून पाहा. त्यानंतर परवानगी घेतलेला, दोन्ही टोकांना माणसं उभी असलेला कॅम्पसचा किंवा टेकडीवरच्या सोसायटीचा बंद रस्ता. दिवे घाट किंवा कात्रज घाट ही जागा नाही, पहाटेसुद्धा नाही. केबलने चालणारा वेगळा ब्रेक हायड्रॉलिकच्या जोडीला असलाच पाहिजे.

पेडल घट्ट होतं त्या जागी शेजारच्या पट्टीवर मार्करने खूण करा. दुसऱ्या फेरीनंतर तेवढ्याच जोराने दाबून खूण पुन्हा पाहा. पेडल ५ मिमीहून जास्त खाली जात असेल तर त्या दिवशी गाडी पुन्हा उतारावर सोडू नका. जॅकवर घ्या आणि पहिल्या चाचणीपासून सुरुवात करा.